‘ब्रश करा’ म्हणणाऱ्यांनो, आमचं टेबलही बघा

सरकारी कचेरीत आरोग्य शिबिर भरवण्याची एक ठरलेली पद्धत आहे. सकाळी दोन टेबलं सरकवून जागा करायची, रक्तदाब मोजायचा, बोटाला सुई टोचून साखर बघायची, आणि शेवटच्या खुर्चीवर बसलेल्या दाताच्या डॉक्टरनं तोंडात आरसा घालून सांगायचं, ‘हिरड्या सुजल्यात. ब्रश नीट करत नाही तुम्ही. सकाळ-रात्र दोन-दोन मिनिटं करा.’ मग एक पत्रक, टूथपेस्टची चिमुकली ट्यूब आणि साहेबांसोबत फोटो. संध्याकाळपर्यंत टेबलं पुन्हा जाग्यावर, फायली जाग्यावर, आणि हिरड्याही होत्या तशाच.

माझं भांडण त्या डॉक्टरांशी नाही. ते सांगतात ते खरंच असतं. पण ते अर्धं खरं असतं आणि उरलेलं अर्धं कुणी बोलत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच. चाळिशी ओलांडलेल्या कारकुनाच्या हिरड्यांतून रक्त येतं, तेव्हा त्याला ‘निष्काळजी’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. त्याच्या दिवसात काळजी घ्यायला जागा कुठे उरते, हे विचारणं अवघड. कारण त्याचं उत्तर टूथपेस्टच्या ट्यूबमध्ये मावत नाही.

आधी डॉक्टरांचं अर्धं खरं समजून घेऊ. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला सुरुवात केल्यावर आठवडाभरात त्या ठीक झाल्या. दातांवर साचणारा जंतूंचा चिकट थर हेच सुजेचं कारण, हे तेव्हा पक्कं झालं. ही पहिली पायरी सुधारता येते. पण सूज वर्षानुवर्षं राहिली आणि जंतूंशी चाललेल्या लढाईत दाताला धरून ठेवणारं हाड झिजू लागलं, की ते हाड आपोआप भरून येत नाही. आपली माणसं याला ‘पायोरिया’ म्हणतात आणि ‘वयोमानानं होतंच’ असं म्हणून सोडून देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात शंभर कोटींहून अधिक लोकांना हा आजार तीव्र स्वरूपात आहे. ते सगळे काय म्हातारे आहेत?

आता दुसरं अर्धं. घासायचं माहीत असूनही माणूस का घासत नाही?

जर्मनीत वैद्यकीय विद्यार्थ्यांवर काही अभ्यास झाले. मोठ्या परीक्षेच्या काळात त्यांच्या दातांवर थर जास्त साचला आणि हिरड्यांतून रक्त येण्याचं प्रमाण वाढलं. उद्याचे डॉक्टर हे! ब्रश कसा करावा हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. तरीही ताणाच्या दिवसांत पहिली सुटली ती हीच गोष्ट. त्यात ताण नुसता हातातला ब्रश सोडवून थांबत नाही. तो लांबला की शरीरातल्या कॉर्टिसॉलचा तोल बिघडतो, जंतूंना तोंड देण्याची शरीराची पद्धत बिघडते. लाळ कमी होते, तोंड कोरडं पडतं, आणि दात धुवून काढणारं नैसर्गिक पाणीच आटतं. ब्राझीलमध्ये बेलो होरिझोंते शहरातल्या कामगारांवरचा एक अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्यात कामातला मानसिक ताण आणि हिरड्यांची अवस्था यांचा संबंध दिसला. एकट्या ताणानं दात पडतात असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण ताण आणि सुटलेली निगा एकमेकींच्या हातात हात घालून येतात, एवढं म्हणायला भरपूर आधार आहे.

हे आमच्या कचेरीच्या भाषेत सांगायचं, तर एलएक्यूचे दिवस घ्या. विधानसभेचं अधिवेशन जवळ आलं की आमदारांचे तारांकित-अतारांकित प्रश्न खात्याखात्यांत येऊन पडतात. गेल्या पाच वर्षांची तालुकावार माहिती, तक्त्यासह, उद्या अकरापर्यंत! ती काढायची कुणी? ज्याच्याकडे आधीच दोन टेबलं आहेत त्या एलडीसीनं. कारण तिसऱ्या टेबलावरचा माणूस निवृत्त झाला आणि जागा भरलेली नाही. रजा बंद. दुपारचा डबा चारला, तोही एका हातानं. मधल्या वेळात चहा येत राहतो, गोड, दीड तासाला एक. बिस्किटांचा पुडा खणात. रात्री उशिरा शेवटची कदंब पकडून घरी पोचल्यावर माणूस जेवतो आणि आडवा होतो. त्या रात्री तो दोन मिनिटं उभा राहून दात घासेल अशी अपेक्षा ठेवणाऱ्यानं एकदा एलएक्यूचा आठवडा आमच्याबरोबर काढावा. अधिवेशन संपतं न संपतं तोच लेखापरीक्षण, मग निवडणुकीची ड्युटी, मग मार्चअखेर. ल्योच्या प्रयोगाला एकवीस दिवस पुरले होते. आमचं अधिवेशनच कधी कधी तेवढं चालतं.

इथं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘तुमकां कसलें टेन्शन मगो? सरकारी नोकरी!’ हे मला बसमध्ये, लग्नात, चवथीच्या आरतीनंतर, सगळीकडे ऐकावं लागतं. वेर्ण्याच्या कारखान्यात पाळीवर उभं राहणाऱ्या मुलाचे हाल आमच्यापेक्षा जास्त आहेत, हॉटेलात रात्रपाळी करणाऱ्या मुलीचे तर आहेतच. त्यांच्या हिरड्यांचीही हीच कथा असणार आणि हा लेख त्यांच्याविषयीही आहे. पण ‘सरकारी नोकराला ताण नसतो’ या समजुतीला उत्तर द्यायलाच हवं, आणि ते उत्तर सरकारी नोकरांवरच्या अभ्यासातूनच मिळालेलं आहे.

लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांवर १९६७ पासून ‘व्हाइटहॉल’ नावाचा मोठा अभ्यास झाला. हृदयविकार हा मोठ्या जबाबदाऱ्या पेलणाऱ्या वरिष्ठांचा आजार, असं तोवर मानलं जाई. आढळलं उलटंच. सर्वात खालच्या श्रेणीतल्या पुरुषांत हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण सर्वात वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट होतं. सिगारेट, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही तो फरक पुरता मिटला नाही. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासातून एक मोठं कारण पुढं आलं. आपल्या कामावर आपला ताबा किती? काम कधी, कसं, कोणत्या क्रमानं करायचं हे ज्याच्या हातात नाही, त्याचं हृदय अधिक लवकर थकतं. हा अभ्यास हृदयाचा आहे, हिरड्यांचा नाही, हे मला ठाऊक आहे. पण ताण म्हणजे नुसते कामाचे तास नव्हेत, एवढं त्यानं कायमचं सांगून ठेवलं. खिडकीवर बसलेल्या बाईनं न घेतलेल्या निर्णयासाठी दिवसातून चाळीस जणांच्या शिव्या खाणं, याला ताण म्हणतात. सही वरच्या मजल्यावर अडलेली असते, आणि तोंड मात्र आमचं दिसतं.

मग या ताणाचं माणूस काय करतो? हा प्रश्न सर्वात महत्त्वाचा.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ईरी काउंटीमध्ये रॉबर्ट जेन्को आणि सहकाऱ्यांनी चौदाशेहून अधिक माणसांच्या हिरड्या तपासल्या आणि त्यांच्या आयुष्यातले ताणही विचारले. १९९९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. पैशाच्या ओढाताणीत असलेल्यांच्या हिरड्यांचं आणि हाडाचं नुकसान जास्त दिसलं. पण त्यातली खरी मेख पुढं आहे. ओढाताण असूनही जी माणसं प्रश्नाला थेट भिडत होती, त्यांना हा जादा धोका दिसला नाही. जी माणसं नुसती मनाची समजूत घालत होती, विषय टाळत होती, त्यांच्या हिरड्यांना फटका बसला होता. अर्थ असा, की ताण आहे की नाही एवढ्यावर थांबून चालत नाही. ताणाशी वागण्याचा कोणता रस्ता माणसाला मोकळा आहे, हे पाहावं लागतं.

आता सांगा, आमच्या कचेरीत कोणता रस्ता मोकळा आहे? प्रश्नाला भिडायचं म्हणजे ‘साहेब, हे तीन माणसांचं काम आहे’ असं लेखी द्यायचं. ते दिलं की बदलीची भीती. तेव्हा उरतो तो दुसरा रस्ता, आणि तो जिन्याखालून गाड्यावर जातो.

गाडा म्हणजे आमच्या नोकरशाहीचं मान्यता नसलेलं विश्रांतिगृह. ‘पाय मोकळे करून येतो’ म्हटलं तर साहेब घड्याळ बघतात. ‘सिगारेट ओढून येतो’ म्हटलं तर कुणी काही बोलत नाही! विश्रांती मागणाऱ्याला संशयानं बघायचं आणि व्यसनाला मात्र सवलत द्यायची, अशी ही उफराटी रीत आहे. तंबाखू न खाणाऱ्याला दहा मिनिटांची सुट्टी नाही. मग नवीन लागलेला मुलगा वर्षभरात काय शिकेल?

पण म्हणून ‘टेन्शन कांय उणें आसा? म्हूण खातां’ असं म्हणणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनाही मी सोडणार नाही. टेन्शन खरं आहे. तंबाखूनं ते उतरतं हे खोटं आहे. निकोटिनची तलफ निकोटिननंच तयार केलेली असते, आणि पुढची चिमूट ती तेवढ्यापुरती भागवते. सावकारानं स्वतःच दिलेल्या कर्जाचा हप्ता भरायला पुन्हा उसने पैसे द्यावेत, तसला हा व्यवहार आहे. धूम्रपान सोडणाऱ्यांची चिंता आणि ताण सोडल्यानंतर कमी होतो, असं दाखवणारा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला आहे.

हिरड्यांच्या बाबतीत तर तंबाखू आणखी एक लबाडी करते. ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं. ‘बघ, माझ्या हिरड्या ठणठणीत!’ असं तो सांगतो. प्रत्यक्षात आतलं हाड झिजत असतं आणि धोक्याची खूण तेवढी दाबलेली असते. अडचणीची फाईल ढिगाच्या तळाशी सरकवली की टेबल साफ दिसतं, तसंच हे. गालात धरायच्या तंबाखूनं त्याच जागेची हिरडी खाली सरकते आणि दाताचं मूळ उघडं पडतं. सुपारीविषयी बोललं की आमच्या फोंड्याच्या, सत्तरीच्या कुळागरवाल्या मंडळींना राग येतो. पण तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली जाहीर केलं आहे. रोज चघळल्यानं तोंडाची आतली त्वचा कडक होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. लग्नातला विडा वेगळा. खणात ठेवलेली पुडी वेगळी.

कायदे आपल्याकडे कमी नाहीत. धूम्रपान आणि थुंकण्यावर बंदीचा कायदा गोव्यानं १९९७ सालीच केला, आणि गुटख्यावर बंदी घातली २००५ साली, देशात बऱ्याच आधी. त्याचा उपयोगही झाला असावा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरताना आढळले, गोव्यात ९.७ टक्के, सर्व राज्यांत सर्वात कमी. याचा अभिमान जरूर धरावा.

पण लगेच दुसरा आकडा बघा. मधुमेहाच्या राष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली आले. देशाचं प्रमाण ११.४ टक्के, आणि गोव्याचं २६.४, सर्वात जास्त! मधुमेहात हिरड्यांचा आजार बळावतो, आणि हिरड्या सुजलेल्या राहिल्या तर साखर आवरणं अवघड जातं. दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात. तंबाखू सुटलेल्या गोंयकाराचा ताण कुठं गेला, याचं थोडं उत्तर इथं असेल असं मला वाटतं. गोड चहात, मिठाईच्या खोक्यात, खुर्चीला चिकटलेल्या दिवसात, आणि संध्याकाळच्या ‘एकाच’ पेगात. पेगानंतर कोण उठून ब्रश करतो?

बायकांचं तर बोलायलाच नको. आमच्या आज्या मशेरी लावायच्या आणि तिला दातांचं औषध म्हणायच्या. आम्ही मशेरी सोडली. पण पुरुषांना गाडा तरी आहे, आम्हांला तोही नाही. कचेरीतून सुटलो की मासळी, मुलांची शिकवणी, सासूबाईंच्या गोळ्या, रात्रीची भांडी. आरशासमोर दोन मिनिटं उभं राहण्याची पाळी येते ती सगळे झोपल्यावर. दुपारी जेवणाऐवजी चहा-खारी, आणि मग दिवसभर तोंडात गोळी नाहीतर बडीशेप-सुपारी. शिबिरातल्या पत्रकात सिगारेटवर काट मारलेलं चित्र असतं. आमच्या या सवयींचं चित्र कुणी काढत नाही, म्हणून आमच्या हिरड्या ‘का बरं’ सुजल्या याचं सर्वांना आश्चर्य वाटतं.

आणखी एक गोष्ट शिबिरात कुणी सांगत नाही, ती इथं सांगून टाकते. चाळिशीत आमच्यातल्या अनेकांच्या खणात रक्तदाबाची गोळी असते. त्यातल्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ अ‍ॅम्लोडिपिननं, काही जणांच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात. चिंतेवरच्या किंवा नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. गोळी मनानं बंद करायची नाही. दाताच्या डॉक्टरला कोणती गोळी चालू आहे ते सांगायचं, आणि गोळी देणाऱ्या डॉक्टरला हिरड्यांविषयी. ‘दात साफ करून घेतले की ढिले होतात’ हाही एक भ्रम. किटणानं धरून ठेवलेला दात आधीच ढिला झालेला असतो. किटण काढल्यावर ते कळतं एवढंच. आणि रक्त येतं म्हणून ब्रश बंद करणं म्हणजे तक्रार येते म्हणून तक्रारपेटी बंद करणं.

म्हणजे शेवटी ‘ब्रश करा’ हेच ना, असं कुणी म्हणेल. हो, करा. रात्रीचा तर कराच, साहेबांसाठी नव्हे, स्वतःसाठी. तंबाखू सोडा. सुपारीची पुडी खणातून काढा. यात माझं दुमत नाही आणि ताणाच्या नावाखाली यातून कुणाला सूटही नाही. पण हे सांगणाऱ्या खुर्चीचंही काही देणं लागतं, आणि ते मी मागणार.

खिडकीवर बसणाऱ्या प्रत्येकाला सकाळी आणि दुपारी दहा-दहा मिनिटांची सुट्टी द्या, आणि तेवढ्या वेळापुरता बदली माणूस द्या. म्हणजे विश्रांतीसाठी कुणाला सिगारेटचं निमित्त लागणार नाही. डबा खाण्याची वेळ अधिवेशनातही पाळा. प्रत्येक मजल्यावर एक बेसिन असं ठेवा की ज्याच्या नळाला पाणी येईल, आणि जिथं जेवल्यावर चूळ भरायला लाज वाटणार नाही. रिकाम्या जागा भरा. तोवर एका माणसाकडून तीन टेबलांची अपेक्षा ठेवू नका. आणि शिबिरात ज्याच्या हिरड्या सुजलेल्या आढळतील त्याच्या हातात पत्रकाबरोबर उपचारासाठी अर्ध्या दिवसाच्या रजेचं पत्र द्या. गोव्याला डॉक्टरांची वाण नाही. बांबोळीला १९८० पासून आपलं स्वतःचं दंत महाविद्यालय आहे. वाण आहे ती वेळेची. सरकारी ओपीडी सकाळची, कचेरीही सकाळची, आणि हिरड्यांचा उपचार एका खेपेत होत नाही. चार खेपांसाठी चार किरकोळ रजा मोडायच्या तर त्या चवथीला कुठून आणायच्या?

यातली एकही मागणी अशी नाही की जिला नवा कायदा लागेल. एक परिपत्रक पुरे. परिपत्रकं आम्हीच टाइप करतो. मसुदा हवा असेल तर मी उद्याच करून देते. पुढच्या शिबिरात माझ्या हिरड्या जरूर तपासा. फक्त तपासून झाल्यावर मान वर करून माझ्या टेबलावर किती फायली आहेत तेही मोजा, आणि दोन्ही आकडे एकाच तक्त्यात लिहा.